माहितीची पावती

बँकेत खाते उघडण्याच्या अर्जावर 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. नोकरीची काही वर्षे नशिबाने मला अर्नाळ्याजवळच्या शाखेत काढता आली. तिथे आमच्याच गावच्या बायका खाते उघडायला यायच्या. डोक्यावरची मासळीची पाटी बाहेर पायरीवर ठेवायची, पदराला हात पुसायचे आणि काउंटरपाशी जरा अंग चोरून उभे राहायचे, अशी त्यांची रीत. त्यांचा अर्ज मी भरायची. नाव, नवऱ्याचे नाव, पत्ता एवढे विचारायची. व्यवसायाच्या रकान्यापाशी आले की मात्र विचारायचीसुद्धा नाही. माझे पेन आपोआप लिहायचे, 'गृहिणी'.

माझ्या सख्ख्या आत्याच्या अर्जावरही मी तेच लिहिले. ती निरक्षर, पण तिची नजर तल्लख. तिने विचारले, "काय लिवलंस गं तिथं?" मी म्हटले, "गृहिणी. म्हणजे घर सांभाळते ती." आत्याने दाराबाहेरच्या पाटीकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "मग पाटीत काय चूल घेऊन फिरते होय मी?"

शाखेत हशा पिकला. मीही हसले. अर्ज मात्र बदलला नाही. दुसरा फॉर्म कोण भरणार? त्या एका शब्दाने माझे काय मोठे चुकले, हे उमगायला मला निवृत्त व्हावे लागले.

आत्या पहाटे चारला उठायची. ओली मासळी विरारला, नाही तर आगाशीच्या बाजारात. दुपारी वलांडीवर टांगलेले बोंबील उलटसुलट करायचे, संध्याकाळी उतरवायचे, पावसाळ्यासाठी सुके बांधून ठेवायचे. या साऱ्याचा हिशेब ती एका वहीत ठेवायची. अक्षरे नव्हतीच. उभ्या रेघा, आडव्या रेघा, गोल, फुल्या. कोणाची उधारी किती, कुठल्या वर्षी बोंबलाने दगा दिला, कुठल्या साली शेकड्याला काय भाव फुटला, हे सगळे त्या वहीत होते आणि ते वाचता येणारी जगात एकच बाई होती. ती गेली. दिवसकार्याच्या आवराआवरीत वह्या रद्दीत गेल्या. तेव्हा मी तिथेच उभी होते, आणि आयुष्यभर खतावण्या सांभाळणाऱ्या मला त्या वह्या उचलून घ्याव्यात असे वाटले नाही.

पुढे कादंबरी लिहायला बसले. नायिका मासळी विकणारी. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा बाजार उभा करायचा होता. तेव्हा त्या वह्या आठवल्या आणि हात चोळत बसले. म्हटले, कुठल्या तरी ग्रंथालयात काही सापडेल. एका जुन्या, प्रतिष्ठित ग्रंथालयात गेले. मत्स्यव्यवसायाच्या कपाटात होड्या होत्या, जाळी होती, इंजिने होती, सहकारी संस्था होत्या. बाई नव्हती. तिथल्या गृहस्थांना विचारले, "कोळणींवर काही आहे?" ते विचारात पडले आणि म्हणाले, "लोकगीतांत बघा." लोकगीतांत ती नटूनथटून नाचत होती. तिच्या उधारीचा हिशेब तिथेही नव्हता.

या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांनी तेच केले जे मी अर्जावर केले होते. हा दोष एकट्यादुकट्याचा नव्हे, शीर्षकांचा आहे. ग्रंथालयांत पुस्तके लावण्याची जी दशांश पद्धत जगभर चालते, ती मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली काढली. तिच्या जुन्या आवृत्त्यांत 'स्त्रिया' या विषयाला जागा मिळाली होती ३९६ क्रमांकावर. शेजार कोणाचा? ३९१ वर पोशाख, ३९५ वर शिष्टाचार आणि ३९८ वर लोककथा. म्हणजे अर्धी मानवजात कपडेलत्ते, रीतभात आणि परीकथा यांच्या ओळीत बसवलेली! पुढे हा विषय समाजशास्त्राच्या गटात हलवला गेला आणि आज तो ३०५.४ या क्रमांकावर आहे. पण तोवर जगातल्या किती कपाटांत किती बायका भलत्याच फळीवर गेल्या असतील याचा हिशेब कोण मांडणार?

बँकेत ज्या रकमेचे खाते कळत नाही ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. ती हरवत नाही, पण ती कोणाची हेही कळत नाही. बायकांविषयीच्या माहितीचे शेकडो वर्षे असेच झाले. ती सस्पेन्स खात्यात पडून राहिली.

ही रक्कम तिथून काढून तिच्या धनिणीच्या नावावर जमा करण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले, ती म्हणजे स्त्रियांची माहिती केंद्रे, ग्रंथालये आणि संग्रहालये. आपल्याकडे या कामाची नाळ एका टपालाशी जोडलेली आहे. महर्षी कर्वे हिंगण्याला असताना त्यांच्याकडे जपानमधल्या, टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका टपालाने आली. ती त्यांनी चाळली आणि बाजूला ठेवली. १९१५ साली सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले, भाषणाची तयारी करायची होती, तेव्हा ती पुन्हा हाती घेतली. त्यातून कल्पना सुचली आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. तेच पुढचे एसएनडीटी. एक पातळशी पुस्तिका टोकियोहून हिंगण्याला पोचली नसती, किंवा अण्णांनी ती रद्दीत घातली असती, तर? मला हा प्रश्न फार अस्वस्थ करतो, कारण रद्दीत घालणाऱ्यांच्या पंगतीत मीही बसले आहे.

त्याच विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रियांविषयीच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. देशातले अशा प्रकारचे ते पहिले. पुढे १९८८ साली नीराबेन, मैत्रेयी कृष्णराज आणि 'अंबै' या नावाने तमिळमध्ये कथा लिहिणाऱ्या सी. एस. लक्ष्मी यांनी मिळून 'स्पॅरो' हा संग्रह उभा केला. स्पॅरो म्हणजे चिमणी. या चिमणीने काड्या गोळा कराव्यात तसे गोळा केले ते बायकांचे आवाज, छायाचित्रे, भित्तिपत्रके, पत्रे, आठवणी. ज्या बायकांनी कधी काही लिहिले नाही, त्यांना बोलते करून ते बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवले. आणि हे घरटे आहे कुठे, तर दहिसरला! विरार गाडीने मी वर्षानुवर्षे दहिसरवरून गेले. माझ्या आत्याचे बोलणे जपून ठेवू शकणारी एक जागा माझ्या रोजच्या वाटेवर होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. मी शिकलेली, पुस्तके लिहिणारी बाई. माझी ही कथा, तर पाटीवालीला कोण सांगणार?

इथे 'जोडणी' हा शब्द येतो. हल्ली त्याला नेटवर्किंग म्हणतात. शब्द नवा, काम जुने. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर ड्राफ्ट. विरारच्या शाखेने ड्राफ्ट काढला आणि नागपूरच्या शाखेने पैसे दिले, तेव्हा ती बँक. नागपूरला विरारची सही ओळखू आली नाही, तर विरारच्या तिजोरीतल्या पैशाचा नागपूरला काय उपयोग? ग्रंथालयांचेही तसेच. एका केंद्रात काय आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसेल, तर प्रत्येक केंद्र म्हणजे एक कुलूपबंद पेटी.

पेट्यांवर काय प्रसंग येऊ शकतो याची एक हकिकत ॲमस्टरडॅमची आहे. तिथे १९३५ साली रोझा मानुस आणि त्यांच्या दोन सहकारी स्त्रियांनी जगभरच्या स्त्रीचळवळीची कागदपत्रे जपण्यासाठी एक संस्था काढली. पाच वर्षे झाली नाहीत तोच हॉलंड जर्मनांच्या ताब्यात गेले. जुलै १९४० मध्ये नाझी आले आणि पुस्तके, कागद सारे उचलून घेऊन गेले. रोझा मानुस ज्यू होत्या. त्यांना रॅव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवले गेले. त्या परत आल्या नाहीत. युद्ध संपले, कागदांचा ठावठिकाणा लागेना. सगळ्यांनी समजून घेतले की जळाले असतील. पण १९९२ साली ते मॉस्कोतल्या एका गुप्त दप्तरखान्यात सापडले. रशियनांनी ते नेले होते. मग अर्ज, विनंत्या, वाटाघाटी. अखेर २००३ साली कागद घरी परतले. लुटीपासून परतीपर्यंत त्रेसष्ट वर्षे! ती संस्था आज 'अट्रिया' या नावाने चालते. बायकांच्या पत्रांना आणि सभांच्या इतिवृत्तांना एवढी किंमत आहे हे नाझींना कळले होते. आम्हाला घरच्या वहीची कळली नाही.

याच ॲमस्टरडॅमच्या संस्थेने पुढे जगभरच्या केंद्रांना एकमेकांची ओळख करून देण्याचा उद्योग आरंभला. १९९१ साली इस्तंबूलला, १९९४ साली बॉस्टनला स्त्रियांच्या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय बैठका झाल्याच होत्या. १९९८ साली ॲमस्टरडॅमला मोठी परिषद भरली आणि कोणत्या देशात कोणते केंद्र आहे, त्याच्याकडे काय आहे, याची एकत्र नोंद करण्याचे काम पुढे गेले. २००२ साली अशीच परिषद युगांडात कंपालाला भरली. शीर्षकांचा गुंता सोडवण्यासाठी १९८७ साली न्यूयॉर्कहून स्त्रीविषयक शब्दांचा एक स्वतंत्र कोश निघाला, १९९८ साली युरोपसाठी दुसरा. कुठल्या विषयाला काय म्हणायचे यावर या बायका वर्षानुवर्षे भांडल्या. लोकांना वाटेल, शब्दांवरून कसले भांडण? 'गृहिणी' लिहिणारे पेन ज्याच्या हातात होते, त्याला विचारा.

"पण बाई," माझे एक शेजारी म्हणाले, "ॲमस्टरडॅमच्या कपाटाचा आमच्या अर्नाळ्याला काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे. बँकेत कर्ज मागणाऱ्यालाही आम्ही हाच प्रश्न विचारायचो, की याचा परतावा काय? तेव्हा तीन नोंदी दाखवते.

पहिली नोंद बुलढाण्याची. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक छापले. आदल्या वर्षी सुरतेत एका विधवेला भ्रूणहत्येवरून शिक्षा झाली होती आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक चालली होती, तिला दिलेले ते सडेतोड उत्तर. महात्मा फुल्यांनी त्याची दखल घेतली. मग ते विस्मृतीत गेले ते जवळजवळ कायमचे. १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षातच, स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. मधली त्र्याण्णव वर्षे कुठेतरी कुणीतरी प्रत जपली म्हणून ते शक्य झाले. पुढे १९९१ साली न्यूयॉर्कहून निघालेल्या भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या मोठ्या संग्रहात ताराबाई पोचल्या. १९९४ साली रोझालिंड ओहॅन्लन यांनी सबंध पुस्तक इंग्रजीत आणले. वऱ्हाडातल्या एका बाईचा संताप शंभर वर्षांनी परदेशातल्या विद्यार्थिनी वाचू लागल्या. जपलेल्या एका प्रतीचे हे व्याज.

दुसरी नोंद देसाईगंजची. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. तिथल्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोघा पोलिसांना निर्दोष ठरवले. प्रकरण तिथेच मिटायचे. पण १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघा कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्याच्या प्रती हातोहात फिरल्या. त्यातून १९८० साली मुंबईत बायकांनी मंच उभा केला, शहराशहरांत मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. त्या काळात ना मोबाइल होता ना संगणक. एक कागद या हातातून त्या हातात गेला एवढेच.

तिसरी नोंद माझ्या स्वतःच्या टेबलावरची. १९७९ साली संयुक्त राष्ट्रांनी स्त्रियांविरुद्धचा भेदभाव दूर करण्याचा करार संमत केला. भारताने त्यावर १९९३ साली शिक्कामोर्तब केले. राजस्थानातल्या भंवरीदेवी या ग्रामसेविकेवर बालविवाह रोखल्याबद्दल १९९२ साली अत्याचार झाला होता. त्यानंतर काही संस्थांनी 'विशाखा' या नावाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९७ साली निकाल देताना न्यायालयाने त्या कराराचाच आधार घेतला आणि कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्ध नियम घालून दिले. २०१३ साली त्याचा कायदा झाला. निकालानंतर आमच्या बँकेत तक्रार समितीचे परिपत्रक आले ते मीच फाइलला लावले. त्याआधी किती मुलींनी स्टेशनरीच्या खोलीत जाऊन डोळे पुसले हे मला ठाऊक आहे. तेव्हा त्यांना सांगायला माझ्याकडे एकच वाक्य होते, "लक्ष देऊ नकोस." परिपत्रक आले आणि मला दुसरे वाक्य मिळाले, "अर्ज दे." न्यूयॉर्कचा कागद राजस्थानवरून दिल्लीला आणि दिल्लीवरून विरार लाइनीवर आला तो असा.

तेव्हा उपयोग आहे. तक्रार असलीच तर वेगळी आहे. ती आमच्या गावच्या जाळ्याच्या भाषेत सांगते. बोंबील धरायची जी डोल असते, तिच्या तोंडाशी आस मोठे असतात. आस म्हणजे जाळ्याची भोके. जसजसे मागे जावे तसतसे ते बारीक होत जातात आणि सर्वांत शेवटी खोला असतो, अगदी बारीक विणीचा. पाणी निघून जाते, मासळी खोल्यात राहते. खोला फाटलेला असेल, तर तोंड कितीही मोठे असो, होडी रिकामी येते. स्त्रियांच्या माहितीचे हे जागतिक जाळे तोंडाशी झकास विणले आहे. ॲमस्टरडॅम, लंडन, बॉस्टन, मुंबई. पण खोल्याची वीण कोणी केलेली नाही. दहिसरहून ॲमस्टरडॅमला धागा जातो. दहिसरहून अर्नाळ्याला येत नाही.

उदाहरण द्यायचे तर मासळीच्याच धंद्याचे देते. मच्छीमारांच्या पाठीशी उभी राहणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था १९८६ साली केरळात, तिरुवनंतपुरमला स्थापन झाली. तिचे दप्तर आणि माहिती केंद्र चेन्नईला आहे. १९९९ पासून ती मासेमारीतल्या स्त्रियांसाठी 'येमाया' नावाचे एक पत्रक काढते. येमाया ही आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची समुद्रदेवता. दूरदूरच्या किनाऱ्यांवरच्या बायका मासळी कशी सुकवतात, दलालाशी कशा झुंजतात, बाजारात बसायला जागा आणि संडास मिळावा म्हणून काय करतात, हे त्यात येते. २०१४ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सभासद देशांनी लहान मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. त्यांत मासळी सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांचे काम हे काम म्हणून मोजा असे सांगितले आहे. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. आत्याच्या प्रश्नाचे उत्तर जगाने दिले होते! पण आमच्या बाजारातल्या एकाही बाईच्या हातात मी हा कागद मराठीत पाहिलेला नाही. ज्यांच्यासाठी ड्राफ्ट काढला, त्यांच्या शाखेत तो पोचलाच नाही.

यावर तरुण मंडळींचे उत्तर ठरलेले. "आता सगळं मोबाइलवर मिळतं, मावशी. कपाटं कशाला हवीत?" मोबाइल मीही वापरते. पण त्यात तेच मिळते जे कुणीतरी आधी घातलेले असते. माझ्या आत्याची वही त्यात नाही आणि कधीच येणार नाही. शिवाय मी बँकांत संगणक येताना पाहिले आहेत. तेव्हा यंत्रात भरली ती शेवटची शिल्लक. ती शिल्लक कशी साठली, कुठल्या दिवाळीला कोणी दोन रुपये जास्त भरले, कुठल्या पावसाळ्यात खाते रिकामे झाले, हे जुन्या खतावण्यांत राहिले. खतावण्या गोदामात गेल्या आणि मुदत संपल्यावर रद्दीत. यंत्राला शिल्लक समजते, कहाणी समजत नाही. आणि कपाट तरी कुठे कायमचे असते? लंडनचे स्त्रियांचे ग्रंथालय १९२६ पासूनचे. तेही चालवणे एका विद्यापीठाला जड झाले आणि २०१३ साली त्याचा सांभाळ दुसऱ्या संस्थेकडे गेला. सांभाळणारी माणसे आणि एकमेकांना ओळखणाऱ्या संस्था, यांवरच हे टिकते.

आता मी काय सुचवते ते सांगते. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये काही हजारांच्या घरात आहेत. एवढ्या शाखा कुठल्या बँकेला लाभल्या आहेत? त्यांतल्या प्रत्येकाने एक कपाट द्यावे. त्यात गावातल्या बायकांच्या वह्या, पत्रे, फोटो, बचतगटांची इतिवृत्ते, ओव्यांची टिपणे ठेवावीत. एक रजिस्टर असावे आणि त्यात शीर्षके नीट लिहावीत. मासळी विकणे हा व्यवसाय. वसईच्या बागायतीत भाजी काढून पहाटेच्या गाडीने मुंबईला नेणे हाही व्यवसाय. दहिसर, चर्चगेट अशा मोठ्या केंद्रांनी या कपाटांना आपल्या शाखा मानावे. वर्षातून एकदा याद्यांचा ताळमेळ घालावा. बाहेरचा एखादा उपयोगी कागद आला तर त्याचा दोन पानी मराठी गोषवारा प्रत्येक कपाटात पोचवावा. याला इमारत लागत नाही. 'मुलगी झाली हो' या नाटकाने १९८३ पासून महाराष्ट्राला हलवले, त्याच्या लेखिका ज्योती म्हापसेकर व्यवसायाने ग्रंथपाल होत्या, हे मला सूचक वाटते. ग्रंथपालाने मनावर घेतले तर काय होते, ते आपण पाहिलेले आहे.

एक नियम मात्र बँकेचाच लावावा. ग्राहकाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय कोणाला द्यायची नाही. बाईने सांगितलेल्या दहा गोष्टींतल्या तीन तिला बंद पाकिटात ठेवायच्या असतील, तर त्या बंदच राहिल्या पाहिजेत. अभ्यासाच्या नावाखाली कोणाचे घर चव्हाट्यावर आणण्याचा हक्क कुणालाही नाही, मग ते केंद्र कितीही थोर असो.

उपदेश करायचा आणि स्वतः बसून राहायचे हे काही बरे नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, मी एक साधे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईकडे गेले. आत्याच्या जोडीने बाजार केलेली ती. म्हटले, मावशी, तुमच्या धंद्याचे सांगा, मी जपून ठेवते. ती बराच वेळ त्या यंत्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असे पुष्कळ येऊन गेले बाय. कोण कॉलेजातली पोरं, कोण फोटोवाले. एक तर गोरी बाई पण आलेली. सगळ्यांना सांगितलं. चहा पाजला. परत कोण आलं नाही." थांबून तिने विचारले, "बँकेत पैसे भरले की तुम्ही पावती देता. याची पावती देशील?"

चाळीस वर्षे पावत्यांवर सह्या केलेली मी, उत्तर सुचेना.

जगातल्या सगळ्या परिषदांनी आपल्या पाटीवर कोरून ठेवावा असा हा प्रश्न आहे. माहिती नेली, ठीक. तिची पोच कुठे आहे? खेड्यातून कागद शहरात जातात, शहरातून परदेशात जातात, त्यांचे ग्रंथ होतात. ज्या ओट्यावरून ते निघाले, त्या ओट्यावर काही परत येते का? जाळे म्हणायचे तर दोन्ही बाजूंनी गाठ हवी. एकाच बाजूने ओढला जातो त्याला दोर म्हणतात.

मी दोन आठवड्यांनी परत गेले. तिचे सगळे बोलणे मोठ्या अक्षरांत उतरवून, वही करून नेले. तिच्या नातीने ते तिला वाचून दाखवले. दोन ठिकाणी तिने चूक काढली. एका वर्षाचा बोंबलाचा भाव मी कमी लिहिला होता आणि तिच्या सासूचे नाव चुकले होते. एक पान तिने फाडायला लावले, ते मी तिच्यासमोर फाडले. एक प्रत तिच्या फळीवर ठेवली, एक मी नव्या रजिस्टरला लावली.

नोंद करताना तो जुना रकाना पुन्हा समोर आला. या वेळी मी विचारले, "मावशी, व्यवसाय काय लिहू?"

तिने नातीकडे पाहिले आणि म्हणाली, "लिही, मासळीचा व्यापार. साठ वर्षं."

तसेच लिहिले. खाली तारीख घातली, सही केली आणि पावती तिच्या हातात दिली.